लेकरांचा इसब : औषध बरोबर, माप चुकीचं

या महिन्यात लहान मुलांच्या खाजेबद्दलच सर्वांत जास्त पत्रं आली. काही थोडी कापून इथं घेतली आहेत. आधी नावाबद्दल. आपण मराठीत ज्याला इसब म्हणतो त्याला कन्नडमध्ये इसुबु म्हणतात, म्हणजे घोटाळा व्हायला जागा नाही. तरी औषधाच्या दुकानात जाऊन माणसं ‘खाज’, ‘कज्जी’, ‘गजकर्ण’ असं तोंडाला येईल ते सांगतात आणि त्या नावाची ट्यूब घेऊन येतात. खालची उत्तरं डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘ॲटोपिक डर्माटायटिस’ किंवा ‘एक्झिमा’ लिहिलेल्या मुलांसाठी आहेत. निदान झालं नसेल तर अथणीच्या पत्राचं उत्तर आधी वाचा.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. गालांवर आणि पिंढऱ्यांवर लाल, खरखरीत चट्टे आहेत. न्हाऊ घालायला बाई येतात. आधी शेंगतेल, मग मसुराचं पीठ आणि साय, कडक पाणी, नंतर ओव्याची धुरी. सासूबाई म्हणतात, कडक पाण्यानंच अंगातलं निघतं. डॉक्टर म्हणतात रोज आंघोळ घाला, शेजारीण म्हणते आठवड्यातून दोनदा पुरे. कुणाचं ऐकू? (जांबोटी परिसर, ता. खानापूर)

उत्तर : डॉक्टरांचं ऐका. आंघोळ रोज घाला, फक्त रीत बदला.

इसबाच्या बाळाची कातडी म्हणजे कौलं सरकलेलं छप्पर. आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं नको ते आत शिरतं. कडक पाण्यानं कातडीतला स्निग्धपणा धुऊन जातो, म्हणजे उरलीसुरली कौलंही सरकतात. फसगत अशी होते की कडक पाणी पडलं की खाज तेवढ्यापुरती थांबते. बाळ न्हाणीत शांत बसतं, घरच्यांना वाटतं पाणी मानवलं, आणि तासाभरानं ते दुप्पट खाजवायला लागतं.

बंबातल्या पाण्यात विसण घालून ते इतकं कोमट करा की कोपर बुडवल्यावर ना गरम लागेल ना गार. पाच मिनिटं पुरेत, दहाच्या वर नको. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, कातडी किंचित आम्ल. त्यामुळे साबणानं ती आणखी कोरडी होते. साबण नसलेला ‘सिंडेट’ बार किंवा क्लिन्झर मिळतो, तो वापरा, तोही फक्त काख, जांघा आणि गळ्याच्या वळ्यांपुरता. बाकी अंगाला नुसतं पाणी चालतं. पाण्यात अँटिसेप्टिकचं झाकण ओतणं आणि कडुलिंबाचा पाला उकळून घालणं थांबवा. उघड्या कातडीला दोन्ही झोंबतात.

मसुराच्या पिठात दोन अडचणी आहेत. एक, त्याचे कण कातडी खरवडतात. दुसरी जास्त महत्त्वाची. फुटलेल्या कातडीवर रोज अन्न चोळलं की त्यातली प्रथिनं आत जातात आणि शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं. तेच अन्न वेळेवर पोटातून गेलं असतं तर बहुधा सोसलं असतं. साय आणि शेंगतेल यांनाही हेच लागू. इसबावर शेंगतेल चोळणं म्हणजे शेंगदाण्याच्या ॲलर्जीला आमंत्रण देणं. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेलही नको. तेल लावायचंच असेल तर घाण्याचं शुद्ध खोबरेल चालेल, पण ते मॉइश्चरायझरची जागा घेत नाही. धुरी पूर्ण बंद. ती कातडीला जाचते आणि बाळाच्या छातीलाही.

आंघोळीनंतर बाळाला पुसू नका, टिपा. जुन्या सुती लुगड्याचं फडकं यासाठी पंच्यापेक्षा बरं. अंग दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत, सगळ्या अंगाला मॉइश्चरायझर लागलं पाहिजे. बहुतेक घरांत चुकतं ते इथं. बाळाला आतल्या खोलीत नेलं जातं, कपडे शोधले जातात, तोवर अंग वाळतं. मग लावलेलं क्रीम कोरड्या भिंतीवर रंग दिल्यासारखं वर राहतं. डबी न्हाणीच्या दारातच उघडून ठेवा.

बाईंना काढायची गरज नाही, त्यांचं काम बदला. दोन्ही हातांवर मॉइश्चरायझर घेऊन ते वरून खाली, केसांच्या दिशेनं, न रगडता अंगभर लावायला त्यांच्याइतके सवयीचे हात घरात दुसरे नसतील.

प्रश्न : मुलगी दीड वर्षाची. डॉक्टरांनी दिलेल्या मॉइश्चरायझरची ३० ग्रॅमची ट्यूब रोज दोनदा लावून दोन महिने पुरवली. काही फरक नाही. जास्त किमतीचं घ्यावं का? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : जास्त किमतीचं नको, जास्त घ्या.

हिशेब करून बघू. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत ट्यूबमधून क्रीमची रेघ ओढली की ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. ती मोठ्या माणसाच्या बोटं जुळवलेल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. याला आपण ‘एक बोट’ म्हणू. एक ते दोन वर्षांच्या मुलाला चेहरा-मान दीड बोट, प्रत्येक हात दीड, प्रत्येक पाय दोन, छाती-पोट दोन, पाठ-ढुंगण तीन. बेरीज साडेतेरा बोटं, म्हणजे पावणेसात ग्रॅम, चहाचा साधारण दीड चमचा. दिवसातून दोनदा लावलं तर आठवड्याला जवळपास ९५ ग्रॅम लागतं. तुमची ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांत संपायला हवी होती!

याच हिशेबानं सहा महिन्यांच्या बाळाला आठवड्याला साधारण ६० ग्रॅम, चार वर्षांच्याला १२५ आणि आठ वर्षांच्याला १७० ग्रॅम लागतं. हे कमीत कमी धरा. थंडीत अथणी-चिकोडीकडच्या कोरड्या वाऱ्यात तिसऱ्यांदा लावावं लागतं.

एवढं परवडावं म्हणून ट्यूब सोडा आणि मोठा डबा घ्या. वास नसलेली साधी पांढरी पेट्रोलियम जेली सर्वांत स्वस्त, आणि ओलावा धरून ठेवण्यात कुणाला हार जाणार नाही. चिकट होते ही एकच तक्रार. एप्रिल-मेमध्ये तिच्याखाली घाम अडून घामोळं उठतं, तेव्हा तेवढे महिने क्रीम वापरा. पातळ लोशनमध्ये पाणी जास्त असतं, ते लवकर उडतं. ‘हर्बल’, ‘बदाम’, ‘केशर’ असं लिहिलेलं आणि घमघमणारं काहीही नको, वासाची द्रव्यं खाज वाढवतात. युरिया असलेलं क्रीम मोठ्यांच्या टाचांना उत्तम, पण लहान मुलांच्या फुटलेल्या कातडीवर ते झोंबतं.

डब्यात बोटं घालू नका. स्वच्छ कोरड्या चमच्यानं लागेल तेवढं बशीत काढा, नाहीतर हातावरचे जंतू डब्यात आणि डब्यातून पुन्हा चट्ट्यावर जातात. उन्हाळ्यात फ्रिज नसेल तर डबी ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवा. गार क्रीम लावलं की खाजही शमते.

आणखी एक गोष्ट डब्यावर बारीक अक्षरात असते, ती कुणी वाचत नाही. पेट्रोलियम जेली मुरलेले कपडे लवकर पेट घेतात आणि धुतल्यावरही त्यात थोडी राहतेच. जेली लावलेल्या मुलाला चुलीपाशी, शेगडीपाशी, दिव्याशी जाऊ देऊ नका.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा. कोपरांच्या घडीत आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे. डॉक्टरांच्या मलमात स्टेरॉइड आहे असं कळल्यावर आम्ही दोन दिवसांत थांबवलं. नंतर मेडिकलमधून एक ट्यूब आणली, तिनं तीन दिवसांत साफ झालं. तीच वर्षभर लागेल तशी लावतोय. आता कातडी पातळ आणि चकचकीत दिसते. (चिकोडी)

उत्तर : स्टेरॉइडला घाबरून तुम्ही सौम्य स्टेरॉइड सोडलं आणि बहुधा त्याहून जबर स्टेरॉइड वर्षभर लावलं. तीन दिवसांत ‘साफ’ करणाऱ्या ट्यूबमध्ये दुसरं काय असणार?

ट्यूब हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ‘क्लोबेटासॉल’ असेल तर ते सर्वांत जबर गटातलं आहे. सोबत ‘निओमायसिन’ आणि ‘मायकोनाझोल’ किंवा ‘क्लोट्रिमाझोल’ असेल तर ती तीन औषधांची खिचडी. इसब, गजकर्ण, जंतू, काहीही असो, एकाला तरी लागेल या हिशेबानं ती खपते. मुलांच्या इसबाला ती नको. त्यातल्या निओमायसिनची स्वतःचीच ॲलर्जी कित्येकांना होते. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. दुकानदार देतो म्हणून ते औषध निरुपद्रवी ठरत नाही. नावातल्या एका अक्षरानंही घात होतो. ‘क्लोबेटासोन’ मध्यम ताकदीचं आहे, ‘क्लोबेटासॉल’ त्याच्या कितीतरी पट वरचं. चिठ्ठी आणि ट्यूब शेजारी धरून स्पेलिंग जुळवा.

इतके महिने वापरलेलं जबर स्टेरॉइड आज एकदम फेकून देऊ नका, कातडी उसळून येऊ शकते. ट्यूब सोबत घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात त्वचाविभाग आहे. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडतं, अथणीकरांना मिरज.

आता नीट वापर कसा करायचा ते. स्टेरॉइड मलम हे आग विझवण्याचं पाणी आहे. लागल्या जागी, पुरेसं आणि विझेपर्यंत मारायचं, मग थांबायचं. तुम्ही दोन दिवसांत थांबवलंत, म्हणजे निखारे तसेच राहिले. चेहरा, मान आणि जांघ इथं सौम्य मलम, जसं १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेसोनाइड. हातापायाला डॉक्टर मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनसारखं थोडं वरचं देतात. दिवसातून एकदा, शक्यतो संध्याकाळच्या आंघोळीनंतर. आधी मॉइश्चरायझर लावलं असेल तर अर्धा तास थांबून मलम लावा. दोन्ही एकावर एक थापलं की मलम पातळ होतं आणि नको तिथं पसरतं.

माप तेच, बोटाचं. मुलाच्या दोन्ही कोपरांच्या घड्या मिळून तुमच्या दोन तळहातांएवढी जागा होत असेल तर एक बोट. ठिपका लावून भागत नाही. जागा ओलसर चमकेल इतका थर हवा, पांढरा राहील इतका नको. रोज एक बोट, दहा दिवस, म्हणजे ५ ग्रॅम. यावरून स्वतःची परीक्षा घ्या. १५ ग्रॅमची ट्यूब वर्षभर पुरत असेल तर तुम्ही फार कमी लावताय. ती दर आठवड्याला संपत असेल तर पुन्हा डॉक्टरांना दाखवायची वेळ आली.

थांबायचं कधी? डोळ्यांनी ठरवू नका. आपल्या सावळ्या कातडीवर सूज लाल दिसेलच असं नाही, ती तपकिरी किंवा जांभळटही दिसते, आणि बरं झाल्यावरही पांढुरका किंवा काळसर डाग कित्येक आठवडे राहतो. तो डाग औषधानं पडलेला नसतो आणि औषधानं जातही नाही. डोळे मिटून बोट फिरवा. आजूबाजूच्या कातडीइतकं मऊ लागलं आणि खाज थांबली की थांबवा. बहुधा याला एक ते दोन आठवडे लागतात. चट्टे पुन्हा पुन्हा त्याच जागी उठत असतील तर डॉक्टर त्या जागांवर आठवड्यातून सलग दोन दिवस मलम लावायला सांगतात आणि हे काही महिने चालतं. ‘बरं झालेल्या जागेवर कशाला?’ म्हणून बरेच जण ते सोडतात आणि महिन्याभरात पुन्हा पहिल्या पायरीवर येतात.

पापण्यांसाठी दोन वर्षांवरच्या मुलांना ०.०३ टक्के टॅक्रोलिमस देतात. ते स्टेरॉइड नाही. पहिले तीन-चार दिवस जळजळतं, मग सवय होते. हे आधी माहीत नसलं की माणसं पहिल्याच रात्री ट्यूब टाकून देतात.

प्रश्न : मोठा मुलगा वसतिगृहातून सुट्टीला आला. दोन आठवड्यांत धाकट्याला, मला आणि यांनाही खाज सुरू झाली. रात्री जास्त. दुकानात इसबाचं मलम दिलं. (अथणी)

उत्तर : ताई, हे वर्णन इसबाचं नाही, खरजेचं आहे. इसब एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरातली चार माणसं मागोमाग खाजवायला लागली की पहिला संशय खरजेचा. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती, काखेत आणि मुलग्यांच्या शिस्नावर बारीक पुरळ बघा. तान्ह्यांच्या तळहात-तळपायांवरही येतं.

उपाय म्हणून ५ टक्के परमेथ्रिन क्रीम देतात. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मोठ्यांनी मानेखाली सगळ्या अंगाला, नखांच्या खाली आणि बेचक्यांतसुद्धा लावायचं. लहानग्यांना डोळे आणि तोंड सोडून डोक्यालाही. रात्री लावून आठ ते बारा तासांनी धुवायचं आणि आठवड्यानं पुन्हा तसंच. मेख एकच. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, ज्याला खाज नाही त्यानंही. आजोबा ‘मला काही नाही’ म्हणून सुटले की तीन आठवड्यांनी खरूज त्यांच्याकडून परत येते. त्या दिवशीचे कपडे आणि अंथरूण गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. कातडीतला खरजेचा किडा मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते, म्हणून रोज उठून क्रीम लावत बसू नका.

गजकर्णाची खूण वेगळी. कडा उठलेली आणि खवल्यांची, मध्ये मोकळं, कड बाहेर सरकत जाते. त्यावर स्टेरॉइड लावलं की कड पुसली जाते, खाज थांबते आणि बुरशी निवांत पसरते. मग तज्ज्ञालाही ओळखायला अवघड जातं.

इसबाची ओळख अशी. तान्ह्या बाळाचे गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू, दोन वर्षांनंतर कोपर-गुडघ्यांच्या घड्या, मनगट आणि मान. दोन्ही बाजूंना सारखं. लंगोटाची जागा बहुतेक वेळा मोकळी. घरात कुणाला दमा किंवा सकाळी शिंकांची माळ असेल तर संशय पक्का होतो.

प्रश्न : नातू दोन वर्षांचा. वांगं, तूरडाळ, अंडं, मासे, गूळ-शेंगदाणे सगळं बंद केलं. सूनबाई अजून पाजते, तिलाही पथ्य लावलंय. गाईचं सोडून शेळीचं दूध दिलं. तरी इसब आहेच. अजून काय बंद करू? (एक आजी, संकेश्वर)

उत्तर : आजी, आता बंद काही करू नका, सुरू करा.

अन्नाची खरी ॲलर्जी असली की खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते. गांधी उठतात, ओठ सुजतो, उलटी होते. असं कशानं झालं असेल तर तेवढा पदार्थ थांबवून डॉक्टरांना सांगा, आणि श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा. ‘वांगं खाल्लं आणि आठवड्यानं चट्टा वाढला’ याला पुरावा म्हणत नाहीत. इसब आपल्या चालीनं वर-खाली होतच असतो आणि दोष पडतो त्या दिवशीच्या भाजीला.

शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असतात, त्यामुळे ॲलर्जी असती तर त्या बदलानं काही साधलं नसतं. वर्षाखालच्या बाळाला तर दोन्ही वरचं दूध म्हणून द्यायचं नाही. सूनबाईंचं पथ्य आजच सोडा. पाजणाऱ्या बाईचं ताट कमी करून बाळाचा इसब जात नाही.

नातवाला डाळ-भात, पूर्ण शिजलेलं अंडं, मासे सगळं हळूहळू पुन्हा सुरू करा. एका वेळी एक पदार्थ, तीन दिवसांच्या अंतरानं. शेंगदाणा आणि अंडं आधी कधी दिलंच नसेल आणि इसब जबर असेल तर पहिला घास कसा द्यायचा ते डॉक्टरांना विचारा. शेंगदाणा बारीक वाटून पेजेतून द्यायचा. पाच वर्षांखाली अख्खा दाणा नको, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि नातवाचं वजन करून घ्या. एवढ्या पथ्यानंतर ते नीट वाढतंय का, हा प्रश्न इसबापेक्षा मोठा आहे.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. थंडीत रात्रभर खाजवते, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग. स्वेटर घालून घोंगडीत झोपवते. सर्दीचं सिरप दिलं की झोपते. मी घरी विड्या वळते, त्याचा काही संबंध असेल का? (निपाणीजवळचं गाव)

उत्तर : आहे, पण आधी अंथरूण बघू. लोकर थेट कातडीला लागली की टोचते, आणि उबेनं खाज वाढते. आत पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मग स्वेटर, आणि झोपताना स्वेटरही काढा. घोंगडीऐवजी वाकळ, तिच्यावर धुता येणारी सुती खोळ. खोळ आठवड्याला गरम पाण्यात धुवा. वाकळ उन्हात घालून झटका, पण मुलगी आसपास नसताना. धूळकिड्यांसाठी, म्हणजे अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांसाठी, याहून जास्त पैसा घालू नका. महागड्या गाद्या आणि फवारे यांनी मुलांच्या इसबात फारसा फरक पडत नाही. बोअरच्या जड पाण्यासाठी बसवायच्या यंत्राचंही तेच. जड पाण्यात साबण नीट निघत नाही हे खरं, म्हणून कपडे दोनदा खळबळा. भागतं.

नखं आठवड्यातून दोनदा, आंघोळीनंतर मऊ असताना कापा आणि कानशीनं गुळगुळीत करा. हातात सुती मोजे घाला. झोपायच्या अर्धा तास आधी मॉइश्चरायझर. रात्री उठून खाजवायला लागली तर ‘खाजवू नको’ म्हणून ओरडण्यात अर्थ नाही, तिला ते थांबवता येत नाही. सुती फडकं साध्या पाण्यात पिळून पाच मिनिटं त्या जागेवर ठेवा, मग लगेच क्रीम. ओल्या सुती कपड्यावर कोरडा कपडा घालायची रीतही आहे, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय करू नका.

सिरप आजच बंद करा. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध चार वर्षांखाली द्यायचं नाही. तुमची मुलगी तीनची आहे. त्यानं इसबाची खाज जात नाही, मूल फक्त गुंगतं. झोप फारच उडाली असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी वेगळं औषध देतात.

आता विड्या. तंबाखूची धूळ फुटलेल्या कातडीला जाचते आणि हातावरून मुलीपर्यंत पोचते. सूप घेऊन बसायची जागा झोपायच्या खोलीबाहेर करा, तंबाखूची पिशवी तिथंच झाकून ठेवा. उठलं की हात कोपरापर्यंत धुवा आणि वरचा पदर किंवा जुना शर्ट बदलून मगच मुलीला घ्या. क्रीम लावण्याआधी तर नक्कीच. घरात कुणी ओढत असेल तर ते उंबऱ्याबाहेर.

प्रश्न : मुलाला इसब आहेच. दोन दिवस ताप आहे आणि इसबाच्या जागी एकसारखे बारीक फोड उठलेत. घरात म्हणतात देवीचं आहे, कडुलिंबाच्या पाल्यावर निजवा, औषध देऊ नका. थांबू का? (हुक्केरी तालुका)

उत्तर : थांबू नका. या पत्राला उत्तर छपाईची वाट न बघता पाठवलं आहे, इथं बाकीच्यांसाठी देतोय.

इसबावर एकाच आकाराचे, मध्ये खळगा असलेले किंवा टाचणीनं टोचल्यासारखे फोड, दुखणं आणि ताप असं एकत्र आलं तर ती नागिणीच्या जातीच्या विषाणूची (हर्पीस) लागण असू शकते. ती पसरते, डोळ्यापर्यंत जाऊ शकते. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या, रात्र असेल तरी. वेळेत असायक्लोविर हे त्या विषाणूवरचं औषध मिळालं की बरं होतं. घरातल्या कुणाच्या ओठावर फोड असेल तर त्यानं मुलाचा मुका घेऊ नये. पाल्यावर निजवल्यानं देवी रागावेल की प्रसन्न होईल हे आम्ही सांगू शकत नाही, पण वेळ जाईल हे नक्की.

मधासारखी पिवळी खपली, चिकट पाणी आणि आसपास गरम सूज ही जंतूंची लागण. त्यासाठी एक-दोन दिवसांत डॉक्टर. ब्लीचच्या आंघोळीबद्दल कुठं ऐकलं असेल तर घरातली ब्लीचिंग पावडर पाण्यात टाकून बघू नका. ते प्रमाण फार बारीक असतं आणि चुकलं की कातडी भाजते. लसी मात्र वेळच्या वेळी घ्या, इसब हे लस टाळायचं कारण नाही.

प्रश्न : पहिलीतल्या मुलाला शाळेत वेगळं बसवतात. लागेल म्हणून. (खानापूर)

उत्तर : लागत नाही. डॉक्टरांकडून दोन ओळींचं पत्र घ्या, ‘हा आजार संसर्गजन्य नाही’ असं, आणि शाळेत कन्नड चालत असेल तर कन्नडमध्ये. बाईंना एवढंच सांगा की याला उन्हाच्या बाकावर आणि खडूच्या धुळीत फळ्यापाशी नको, आणि घाम आला की तोंड-मान धुऊ द्या. दप्तरात झाकण घट्ट बसणारी छोटी डबी द्या, मधल्या सुट्टीत हात धुतल्यावर लावायला. डबी घरी रिकामी आली तरच ती लावली गेली असं समजा.